रळियातबाचं नाव कुणाच्या खात्यात

आमच्या मोटाभाईंनी मला या संक्रांतीपर्यंत कधीही, कशालाही नाही म्हटलं नव्हतं. कुणाला वाटेल, केवढं भाग्य! ज्याला वाटतं त्याने येऊन माझ्या जागी राहावं.

मोटाभाई म्हणजे माझे मोठे दीर. जामनगरात आमची पितळेच्या सुट्या भागांची पेढी आहे. नळाच्या तोटीपासून विजेच्या पिनेपर्यंत सगळं. पेढीवर बसतात मोटाभाई, त्यांच्या शेजारी माझा नवरा दुष्यंत. घरी आम्ही दोघी जावा, हंसाभाभी आणि मी, दक्षा. आमच्या घरात धाकट्या सुनेने मोठ्या दिराशी बोलायचं नसतं. पूर्वी पदरही ओढायचा असायचा. सासूबाई गेल्या तसा पदर गेला, पण बोलणं काही सुरू झालं नाही. माझी मुलगी कॉलेजात गेली, तरी मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. काही सांगायचं तर मी भाभींना सांगायचं आणि भाभींनी त्यांना. ते समोर हातभर अंतरावर बसलेले असले तरी!

जेवताना मोटाभाई म्हणायचे, "तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे."

मी बहिरी नाही, ऐकतेच आहे. तरी भाभी माझ्याकडे वळून म्हणणार, "मीठ कमी आहे म्हणतात."

मग मी म्हणायची, "कढीत जास्त पडलंय भाभी. दोन्ही कालवून खा म्हणावं."

भाभी तेवढं मात्र पुढे पोचवत नसत. ओठ दाबून हसत आणि मिठाची वाटी सरकवत.

मिठाचं ठीक होतं हो. नावाचं आलं तेव्हा जीव गुदमरायला लागला.

माझी आई खंभाळियाची. रळियात तिचं नाव, सगळे रळियातबा म्हणायचे. सुकी कचोरी करावी तर तिने. इवलीशी, खुसखुशीत, आत मसाला असा की महिना गेला तरी वास उडत नाही. गावातल्या प्रत्येक लग्नात तिची कचोरी असायची, आणि नाव मात्र व्हायचं आचाऱ्याचं. ती गेली त्यानंतर मी घरच्या गॅसवर तीच कचोरी करून विकायला लागले. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना तर ती फारच आवडली. बॅगेत दाबली तरी फुटत नाही. वेबसाइट करायची ठरली तेव्हा माझा एकच हट्ट होता, नाव आईचं. बिचारीचं नाव जन्मात कधी कुठल्या पाटीवर लागलं नव्हतं.

मोटाभाई लगेच हो म्हणाले. "तिला सांग, छान विचार आहे. कॉम्प्युटरचं आपण बघू, तिने कचोरी बघावी."

बघितलं त्यांनी. वेबसाइटसाठी आईच्या नावाचा पत्ता विकत घेतला तो पेढीच्या खात्यातून. वेबसाइट केली ती पेढीच्या माणसाकडून. तिच्यावर फोन पेढीचा, खोक्यावर शिक्का पेढीचा. ऑर्डर यायची ती आधी पेढीवर, मग मुनीमजींना आठवण झाली की माझ्याकडे. लेस्टरच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी कचोरी मागवली होती. ती ऑर्डर पितळेच्या पावत्यांखाली पडून राहिली. लग्न होऊन गेलं आणि मग त्या बाईंनी मला फोन करून जे सुनावलं! शेवटी म्हणाल्या, "रळियातबाचं नाव लावता आणि लग्नघराला तोंडघशी पाडता? लाज नाही वाटत?"

मला शिव्या दिल्या असत्या तर गिळल्या असत्या. आईच्या नावाला बोल लागला, ते मला सहन झालं नाही. मी त्या दिवशी पिठाच्या परातीपाशी बसून ढसाढसा रडले.

मग मी गुपचूप काही केलं नाही, उघड केलं. जामनगरातच खंभाळिया नाक्याजवळ एक गाळा भाड्याने घेतला. वेबसाइटला जागा देणाऱ्या राजकोटच्या एका होस्टिंग कंपनीत माझ्या नावाने खातं काढलं. माझ्या मुलीने बसून नवी वेबसाइट तयार केली. फोन माझा, पत्ता गाळ्याचा, कढईजवळ बसलेल्या आईचा फोटो. सगळं सजून तयार. राहिलं होतं ते एकच, आईच्या नावाचा पत्ता जुन्या वेबसाइटकडून या नव्या वेबसाइटकडे वळवायचा.

राजकोटच्या कंपनीत फोन उचलायचा तो परिमल नावाचा माणूस. आवाज असा की जणू तुपात घोळलेला. म्हणाला, "अगदी सोपं आहे बेन. नाव तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून घेतलंय, काही हरकत नाही. तिथल्या खात्यात जायचं, मी पाठवलेल्या दोन ओळी तिथे टाकायच्या आणि सेव्ह करायचं. नाव आपोआप आपल्याकडे वळतं. पाच मिनिटांचं काम."

"आणि तिथल्या खात्यात जाता येत नसेल तर?"

"का नाही येणार? खातं कुणाचं आहे?"

"घरातलंच आहे."

"मग झालं तर! घरातल्यांना विचारा."

विचारा म्हणे! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते असं.

त्या खात्याचा पासवर्ड मला ठाऊक होता. मलाच काय, पेढीतल्या चहावाल्यालाही ठाऊक असेल. आमच्या पेढीत बँकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे एकच पासवर्ड, कुलदेवीचं नाव. आईसाहेब राखण करतात अशी श्रद्धा. पण नाव विकणारी ती कंपनी नास्तिक निघाली. पासवर्ड टाकला की मोटाभाईंच्या मोबाइलवर आकडे जातात, आणि ते आकडे टाकल्याशिवाय दार उघडत नाही. मोटाभाईंचा मोबाइल एक तर त्यांच्या खिशात, नाहीतर भाभींच्या मांडीवर.

नवरात्रात मी भाभींकरवी विचारलं, नाव वळवून देता का म्हणून. भाभी सांगत आल्या, "हो म्हणाले. दिवाळी होऊ दे म्हणाले."

दिवाळी झाली. "लाभपाचमीला पेढी उघडली की पहिलं काम तिचंच, असं म्हणाले."

लाभपाचम झाली. मग पेढीवरच्या कुणाचं लग्न, मग मोठ्या गिऱ्हाइकाचा माल. दर वेळी हो. हसून हो, मायेने हो. एकदा तर "तिला सांग, मला काळजी आहे तिच्या कामाची" असंही म्हणाले. मी भांडू कुणाशी? हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि ज्याच्याशी बोलायचंच नाही त्याच्याशी तर मुळीच नाही.

दुष्यंतला म्हटलं, "तुम्ही तरी बोला. तुमचे भाऊ आहेत."

"अगं, ते नाही थोडेच म्हणालेत?"

"तेच तर!"

"मग कशाला घाई करतेस? घरातलंच आहे ना नाव? कुठे पळून जातंय?"

माझा नवरा वाईट नाही. पण मोटाभाईंसमोर त्याची मान अशी खाली जाते की मला त्याच्याकडे बघवत नाही.

मग कमुरता बसला. सूर्य धनु राशीत असतो तोवर आमच्याकडे नवं काही सुरू करत नाहीत. लग्न नाही, घर नाही, दुकान नाही. संक्रांतीला उतरतो तो. मोटाभाईंना तर आयतंच मिळालं. "तिला सांग, कमुरत्यात कसं करायचं? संक्रांत होऊ दे."

मी भाभींना म्हटलं, "नाव जुनंच आहे म्हणावं. जुन्या नावाला कसला आलाय कमुरता?"

भाभी जाऊन आल्या. "म्हणाले, नाव जुनं आहे, पण दुकान नवं आहे ना?"

बघा, डोकं कसं चालतं ते!

आणि हेच दिवस माझ्या धंद्याचे. थंडीत परदेशातले लोक गावी येतात, जाताना भरभरून नेतात. माझ्या नव्या वेबसाइटला राजकोटच्या कंपनीने तोवर एक तात्पुरता पत्ता दिला होता, नुसती अक्षरं आणि आकडे, मोटारीच्या नंबरासारखे. तो मी जुन्या गिऱ्हाइकांना पाठवला तर नैरोबीहून एकीचा फोन आला, "दक्षाबेन, हे कुणाचं आहे? रळियातबाचं नाव तर दिसत नाही वर. फसवाफसवी तर नाही ना?" काय सांगणार तिला? रोज सकाळी मी नव्या खात्यात जाऊन 'बाहेरून घेतलेलं नाव जोडा' या जागी आईचं नाव लिहायची. रोज तेच उत्तर यायचं, हे नाव अजून इकडे वळलेलं नाही. परिमलला फोन करावा तर तो म्हणणार, "पाच मिनिटांचं काम आहे बेन." एकदा मी ओरडलेच त्याच्यावर, "ती पाच मिनिटं कुठे मिळतात ते सांगा, विकत घेते!" बिचाऱ्याने त्या दोन ओळी पुन्हा पाठवून दिल्या.

गाळ्यात कढई थंड पडलेली आणि माझी आई परक्या खात्यात अडकलेली. मला रात्री श्वास घेताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं.

एकदा धीर करून मी भाभींना म्हटलं, "आकडे आले की मला नुसते दाखवा. दुसरं काही नको."

भाभींनी हातातली वालाची टोपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दक्षा, मी निरोप नेणारी आहे बाई. चोरी करणारी नाही." आणि तोंड फिरवून वाल सोलायला बसल्या. मला राग आला, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

उत्तरायण आलं, आमची संक्रांत. त्या दिवशी जामनगरात जमिनीवर कुणी नसतं, सगळं शहर गच्चीत. आमच्या गच्चीतही सकाळपासून गाणी, तिळाची चिक्की, ऊंधियुंचं पातेलं, जलेबी. दुष्यंत एका कोपऱ्यात शेजाऱ्यांशी पेच लढवत होता. मोटाभाई मधोमध, डोक्यावर टोपी, बोटांना पट्ट्या. वर्षभर पितळ तोलणारा हा माणूस पतंग हातात आला की लहान पोर होतो. फिरकी धरायला भाभी. पण दुपारी भाभी म्हणाल्या, "माझे गुडघे गेले. दक्षा, तू धर जरा."

मोटाभाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांची नजर आभाळात. फिरकी धरणारी मागेच उभी असते, त्यामुळे रीत मोडायचाही प्रश्न नव्हता. भाभी खाटेवर बसल्या, पुढ्यात भाजलेल्या हिरव्या हरभऱ्याची टोपली, मांडीवर मोटाभाईंचा मोबाइल.

मी फिरकी धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. संक्रांत आली. कमुरता उतरला. त्यांनी दिलेला शब्द आज पुरा होतो. त्यांचे दोन्ही हात दोऱ्यात, त्यांचा चष्मा खाली घरात, मोबाइल भाभींकडे. आणि माझा मोबाइल माझ्या कमरेला.

पतंग खूप वर जाऊन स्थिर झाला होता. मी फिरकीची एक मूठ काखेत दाबली, मोबाइल काढला, नावाच्या खात्यात कुलदेवीचं नाव टाकलं. मनात म्हटलं, आईसाहेब, राखण तुमची, पण नाव माझ्या आईचं आहे, जरा बाजूला व्हा.

भाभींच्या मांडीवर टुंग वाजलं.

"अहो, काहीतरी आलंय," भाभी म्हणाल्या.

"बघ काय आहे. पेढीचं असेल," मोटाभाई आभाळाकडे बघतच म्हणाले.

"आकडे आलेत नुसते."

"मग वाच की! मला काय दिसतंय इथून?"

भाभींनी मोबाइल लांब धरला. माझ्याकडे एकदा बघितलं. माझ्या काखेतल्या फिरकीकडे, हातातल्या मोबाइलकडे. मग त्या वाचायला लागल्या. एकेक आकडा सुटा, मोठ्याने, शाळेत पाढे म्हणतात तसा. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "परत वाचू?"

"कशाला? बँकेचं असेल, सोड," मोटाभाई म्हणाले.

तरी भाभींनी परत वाचले.

दार उघडलं. आईचं नाव समोर आलं, इंग्रजीत, छोट्या अक्षरांत. खाली पेढीच्या जुन्या दोन ओळी. मी त्या पुसल्या. परिमलच्या दोन ओळी मी केव्हापासून जपून ठेवल्या होत्या, त्या टाकल्या. एक, मग दुसरी. सेव्ह दाबणार, तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून कुणाचा तरी काळा पतंग आमच्यावर आला.

"ढील!" मोटाभाई ओरडले. "ढील दे! सोड, सोड फिरकी!"

फिरकी माझ्या काखेत आवळलेली. दोरा ताणला, एक झटका बसला. मी सेव्ह दाबलं.

"काप्यो छे!" समोरच्या गच्चीवरून एकच गिल्ला झाला. थाळ्या वाजल्या, पिपाण्या वाजल्या. मोटाभाईंचा पतंग डुलत डुलत लाखोटा तळ्याच्या दिशेने चालला. ते रिकामा दोरा हातात घेऊन गर्रकन वळले.

"फिरकी कोणी धरलीय? झोपलात का सगळे?"

"मी धरलीय," मी म्हटलं. "दक्षाने."

दुष्यंतने आपला पतंग तसाच सोडला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. मोटाभाईंनी नजर फिरवली, भाभींकडे.

मी थांबले नाही. थांबले असते तर संपलं असतं. "तुमचा पतंग माझ्यामुळे गेला. आणि ते आकडे बँकेचे नव्हते. आईच्या नावाचे होते. नाव मी माझ्या वेबसाइटकडे वळवलं, आत्ता. तुम्ही संक्रांत म्हणाला होतात. आज संक्रांत आहे."

मोटाभाईंचे कान लाल झाले. ते भाभींना म्हणाले, "तिला सांग..."

भाभींनी हरभऱ्याचा एक घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला.

"तिला सांग की..."

"तुम्हीच सांगा," भाभी म्हणाल्या. "समोर तर उभी आहे. माझे गुडघेच दुखत नाहीत हो, जीभही दुखते. किती वर्षं तुमचं हो हो तिच्याकडे वाहून नेऊ?"

मोटाभाई माझ्याकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं. हा माणूस परदेशी गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळतो, आणि घरातल्या बाईशी बोलायला त्याला शब्द सापडेना! मला एकदम त्यांची कीव आली, आणि आपल्याला कीव आली याचा रागही आला.

शेवटी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"नाव मिळणार नाही तुला. नाही देणार." आणि मग, एकदा बांध फुटल्यावर, भडाभडा, "आज नाव नेशील. उद्या गाळा चालला की दुष्यंतला नेशील. परवा वेगळी चूल. मग त्या पेढीवर मी एकटा बसू? आमच्या बापाने दोघांना एका गादीवर बसवलं होतं. मला ठाऊक नाही का, गाळा कशासाठी घेतलास ते!"

दुष्यंत खाली मान घालून बोटांवरच्या पट्ट्या सोलत होता. मी त्याच्याकडे बघितलं, मोटाभाईंकडे बघितलं. म्हणजे एवढे दिवस मी एका घाबरलेल्या माणसाच्या होकाराला डोकं आपटत होते.

"हे नवरात्रातच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"कसं सांगणार? तुझ्याशी बोलतो का मी?"

यावर भाभींना हसू फुटलं. मला मात्र हसायला आलं नाही. मी म्हटलं, "दुष्यंत कुठे बसणार ते त्यांना विचारा. मी त्यांना ओढून नेणार नाही, आणि अडवणारही नाही. आईचं नाव मात्र मला हवंय."

"ते माझ्या खात्यात आहे. मी परत फिरवू शकतो."

"शकता."

ही गोष्ट खरीच होती. परिमलने मला आधीच सांगितलं होतं: दोन ओळी बदलल्या की नाव वळतं, पण मालकी जिथे होती तिथेच राहते. ज्याचं खातं तो हवं तेव्हा उलटं फिरवणार. मोटाभाईंनी भाभींच्या मांडीवरून मोबाइल उचलला. मग माझ्यापुढे धरला.

"कसं फिरवायचं हे?"

अहो, मला विचारलं! मी सांगितलं. कुठे जायचं, कुलदेवीचं नाव कुठे टाकायचं, आकडे आले की काय करायचं, पेढीच्या जुन्या ओळी कुठे मिळतील. एक शब्द लपवला नाही. आई म्हणायची, विचारलं की मसाला सांगावा, कचोरी ज्याच्या त्याच्या हाताचीच होते.

"चष्मा खाली राहिलाय," मोटाभाई म्हणाले.

"मी आणणार नाही," भाभी म्हणाल्या.

ते स्वतः जिना उतरून गेले. मी फिरकी खाटेवर ठेवली आणि कठड्याला टेकून उभी राहिले. पुष्कळ वेळाने ते वर आले, नाकावर चष्मा होता. कुणाशी न बोलता त्यांनी नवा पतंग घेतला, कन्नी बांधली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दक्षावहू, फिरकी."

"नाही," मी म्हटलं. "मला गाळ्यावर जायचंय."

संध्याकाळी पतंगांच्या दोऱ्यांना बांधलेले कंदील आभाळात चढले, तेव्हा मी गाळ्यात एकटी बसून आईचं नाव उघडून बघत होते. आधी जुनीच वेबसाइट दिसत राहिली. परिमल म्हणाला होता, नाव सगळीकडे वळायला एखाद-दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या खात्याने नाव जोडून घेतलं, आणि दुपारी उघडलं तर कढईजवळ बसलेली आई समोर. मी फोटोवर हात ठेवला.

मोटाभाईंनी अजून ते फिरवलेलं नाही. जमलं नाही म्हणून की मनात नाही म्हणून, ते मी विचारलेलं नाही. खातं अजून त्यांचंच आहे, आकडे अजून त्यांच्याच मोबाइलवर जातात. एखाद्या सकाळी मी उठेन आणि आई परत पेढीवर गेलेली असेल, ही धास्ती काही गेलेली नाही. म्हणून चहाच्या आधी मी रोज तिचं नाव उघडून बघते. मग खाली उतरते. जिन्यात बरोबर त्याच वेळी मोटाभाई पेढीवर निघालेले असतात.

"आज नाव देताय का?" मी विचारते.

"नाही," ते म्हणतात, स्वतःच्या तोंडाने, आणि मला आधी उतरायला जागा देतात.